पांढऱ्या गाडीला काजूचं तेल

मला आधी एक सांगा. घरात नवी वस्तू आली, तर माणसाने विश्वास ठेवावा कोणावर? विकणाऱ्याच्या शब्दावर, बायकोच्या अकलेवर, की स्वतःच्या डोळ्यांवर?

घाई नको. चहा घ्या, बशीतला खाजा मोडा, मग उत्तर द्या. मी घाईने दिलं, आणि त्याचं काय झालं ते बाहेर माडाखाली उभं आहे. नवी गाडी आमच्याकडे माडाखाली कोणी लावत नाही. वरून नारळ पडला की टपाची परात होते. पण माझी मनःस्थिती आता अशी आहे की पडला तर पडू दे. निदान तो डाग तरी देवाघरचा असेल.

तुम्ही मला ओळखता. बाजारात काजूचं दुकान, घरामागे बिया फोडायची शेड, समोर खळं, म्हणजे आमचं अंगण. शाळेने मला सातवीत सोडलं आणि मी धंद्याला धरलं. कागदावरचं शिक्षण नाही, पण बी मुठीत घेऊन कानाशी खुळखुळवली की आतला गर भरलेला की पोचट, हे मी सांगतो. पर्यटक आले की हा खेळ मी मुद्दाम करून दाखवतो. ते खूश होतात आणि पाव किलो घ्यायला आलेले अर्धा किलो घेऊन जातात. मुद्दा असा, की मालातला दोष शोधण्यात माझा हात धरणारा मालवणात कोणी नाही, असं एक मत होतं. ते मत फक्त माझंच होतं, हे मला गेल्या आठवड्यात कळलं.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो, कारण सगळा सत्यानाश तिच्यातूनच झाला.

हंगामात गावागावांतून बियांची पोती येतात. एखाद्या पोत्यात ओली, पोचट बी निघाली की मी ते परत करतो. पण परत केलेलं पोतं घरी जातं असं समजू नका. ते कोपऱ्यावर वळतं, दुसऱ्याच्या रिक्षात बसतं आणि नव्या तोंडाने पुन्हा माझ्याच दारात येतं. एकदा सकाळी हाकललेलं पोतं मी दुपारी स्वतः विकत घेतलं होतं. वर विकणाऱ्याला म्हणालो होतो, "बघ, माल असो व्हयो!" तेव्हापासून मी एक शिस्त ठेवली. नाकारलेल्या पोत्यावर काजूच्या टरफलाच्या तेलाने वाटोळी खूण करायची.

हे तेल तुम्ही पाहिलं असेल. काळं, दाट, काकवीसारखं. कातडीला लागलं तर फोड उठतो. होडीच्या लाकडाला, घराच्या वाशांना लावतात, म्हणजे वाळवी फिरकत नाही. पोत्यावर एकदा लागलं की पोतं कुजेल, पण खूण जाणार नाही. फार इमानी तेल आहे हो. इतकं इमानी तेल कुठे लावू नये, याची अक्कल मात्र त्या डब्याबरोबर मिळत नाही.

तर गाडी. ती मी माझ्या हौसेने घेतली नाही. शालिनीला, म्हणजे आमच्या घरच्यांना, डिझेलचा वास सोसत नाही. तिचं माहेर रेडीला. मालवणहून रेडी म्हणजे काही काशी नव्हे, पण तिला ती काशीच. एसटीत लिंबू हुंगत, डोळे मिटून, खिडकीला डोकं टेकून जायची आणि पोचल्यावर अर्धा दिवस आडवी. हळूहळू जाणंच सुटलं. तिची आई आता थकली आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की म्हातारी देवघरात जाऊन बसते. फोनवर दर वेळी एकच म्हणते, "उजेड आसा तवर येवन जा गो."

मागे एका लग्नाला आम्ही कोणाच्या तरी विजेच्या गाडीतून कुणकेश्वरला गेलो. शालिनी लिंबाशिवाय गेली, लिंबाशिवाय आली आणि उतरल्या उतरल्या कांदाभजी मागितली. त्याच दिवशी माझं ठरलं.

रंग तिने निवडला. पांढरा. मी म्हटलं, आमच्या लाल मातीत पांढरी गाडी म्हणजे रोजची धुणीभांडी. ती म्हणाली, आईला लांबून पांढरं तेवढंच कळतं. पांढरीच ठरली.

शोरूममध्ये गाडी ताब्यात घेतली. तिथला मंदार नावाचा पोरगा फार गोड बोलणारा. गाडीवर झिरझिरीत कापड, वर फुलांची माळ, छतावर इतके दिवे की माणसाच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण दिसू नयेत. गाडी दुधात बुडवून काढल्यासारखी दिसत होती. आम्ही घरी आलो तेही असे गुपचूप, की अंगणात झोपलेला कुत्रासुद्धा उठला नाही. शालिनीने ओवाळलं, नारळ फोडला आणि आईला फोन केला, उद्या येतो म्हणून. मग पिशवी भरायला बसली. खाजा, नारळाच्या वड्या, आमसुलं, थोडी सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खळ्यात गेलो आणि माझा घात झाला.

वैशाखातलं कोवळं ऊन. त्या तिरप्या उन्हात मी रोज बिया तपासतो. सवयीने मान तिरकी झाली, एक डोळा बारीक झाला, आणि बॉनेटवर, रंगाच्या आत, मला एक कण दिसला. मोहरीएवढा. रंगावर बसलेला नव्हे हो, रंगाखाली गाडलेला! बोटाने चाचपला. उंचवटा लागला.

तुम्ही काय केलं असतंत? पुसून गाडीत बसला असतात. मी गुडघ्यावर बसलो.

एक दोष सापडला की दुसरा आपण होऊन हात वर करतो. दाराच्या खालच्या कडेला रंगाचा ओघळ, मेणबत्तीचा असतो तसा. मागच्या बाजूला आणखी कण. आणि पुढचा बंपर आणि बॉनेट, दोन्ही पांढरे, पण एक ओल्या खोबऱ्याचा पांढरा आणि दुसरा सुक्या खोबऱ्याचा. माझं डोकं सणकलं. आयुष्यभर मी लोकांची पोती परत केली, आणि मला एवढं मोठं पोतं हार घालून चिकटवलं?

शालिनी पिशवी घेऊन, नवं लुगडं नेसून बाहेर आली. मी तिला कण दाखवले. तिने पदराने घाम पुसला आणि वाकून बघितलं. काही दिसत नाही म्हणाली. मी मान तिरकी करायला सांगितली. तिने केली. दिसलं म्हणाली, पण मला कळलं की ते माझं समाधान व्हावं म्हणून. मग विचारलं, "ह्या कणांनी गाडी चलाची रवली काय?"

मी म्हटलं, प्रश्न चालण्याचा नाही, तत्त्वाचा आहे. तक्रारीचा माल वापरायला काढला की तक्रार मेली. एकदा गाडी रेडीच्या रस्त्याला लागली की शोरूमवाले म्हणतील, तुमच्याच रस्त्यावर खडी उडाली. कंपनीचा माणूस बघून जाईपर्यंत गाडी जागची हलणार नाही.

तिने पिशवी पडवीतल्या बाकावर ठेवली आणि आईला फोन करायला आत गेली.

मी मंदारला फोन लावला. तो म्हणाला, सर, फोटो पाठवा. मी पाठवले. पांढऱ्यावर पांढरा कण फोटोत काय दिसणार, कपाळ? नवा रंग इतका आरशासारखा की प्रत्येक फोटोत मी. बनियन, लुंगी, एक डोळा मिटलेला. मंदार अतिशय अदबीने म्हणाला, "सर, यात डाग दिसत नाहीयेत. तुम्ही दिसताय."

शेवटी त्याने सांगितलं, कोल्हापूरहून कंपनीचे तपासणारे येतील, त्यांना प्रत्यक्ष दाखवा. कधी येतील? सर, चार-पाच दिवसांत.

आणि इथे गुरुनाथ आला. गुरुनाथ म्हणजे माझा शेजारी, जाळी आणि दोरखंड विकतो. माझा जुना मित्र. दुसऱ्याच्या भांडणात त्याला फार उत्साह. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, प्रत्येक कणाला नमस्कार केल्यासारखा वाकला आणि म्हणाला, "अरे, ते संध्याकाळी येतले, फडको मारतले आणि इचारतले, डाग खंय आसा? ऊन नसला तर तू तरी काय दाखवतलंस?"

मला ते एकदम पटलं. मलाही ढगाखाली ते कण सापडत नव्हते. दर वेळी नव्याने शोधावे लागत, आणि दर वेळी जागा थोडी बदललेली वाटे. खूण पाहिजे होती.

खडूने केली. वाऱ्याने गेली. शालिनी आतून म्हणाली, "टिकल्यो लावा. माझ्याकडे पाकीट आसा." मला हसू आलं. म्हटलं, बाई, टिकली आज इथे, उद्या तिथे. तो तपासणारा म्हणेल, तुम्ही हलवलीत. खूण कशी हवी? कोणाला हलवता येणार नाही अशी.

तुमच्या लक्षात आलं ना? तुमच्या आलं. शालिनीच्याही आलं असावं, कारण ती लगबगीने बाहेर आली. पण तोवर मी शेडमधून डबा आणला होता, बांबूच्या काडीला चिंधी गुंडाळली होती आणि बॉनेटवर पहिलं वर्तुळ पूर्ण केलं होतं. सुबक. इतक्या वर्षांचा हात आहे.

ती म्हणाली, "अवो, ता पोता न्हय."

बस, एवढंच. मी म्हटलं, खूण आहे, कंपनी नवा रंग देईल तेव्हा जाईल. खूण पक्की असली की समोरचा पळत नाही. ती पडवीच्या खांबाला टेकून बघत राहिली. आमचं लग्न झालं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असाच भाव होता. तेव्हा मला वाटलं होतं लाजते आहे.

माणूस एकदा खुणा करायला लागला की थांबत नाही. कणाला वर्तुळ, ओघळाला लांबट वर्तुळ. गुरुनाथ एका बाजूने बोट दाखवतोय, मी काडी फिरवतोय. रस्त्याने जाणारे थांबू लागले. प्रत्येकाला एकेक डाग सापडायचा. कोणाला बंपरमध्ये रुपयाएवढ्या गोल चकत्या सापडल्या, रांगेत बसवलेल्या. गुरुनाथ म्हणाला, बघ, भोकं पडलेली बुजवलीहत! मी त्यांनाही वर्तुळं केली. जाड. एका जागी तर कावळ्याने सकाळीच केलेल्या कामगिरीलाही खूण झाली, पण ते मागाहून कळलं.

संध्याकाळी मी लांब उभा राहून गाडी बघितली. आता म्हटलं, येऊ दे कोण येतो तो. आंधळ्यालासुद्धा दिसेल.

दुसऱ्या दिवशी ऊन तापलं. पोतं तेल पिऊन घेतं हो. पत्रा पीत नाही! हे मी इतक्या वर्षांत का ध्यानात घेतलं नाही, विचारू नका. दुपारपर्यंत वर्तुळांना पाय फुटले. बॉनेटवरची आडवी पसरली, दारावरची खाली निघाली. संध्याकाळी प्रत्येक खुणेला शेपूट होती. तिसऱ्या दिवशी तेलाच्या कडेने रंग फुगला, पापड तव्यावर फुगतो तसा. मी नखाने हळूच टोचलं, तर पापडाचा तुकडा हातात आला.

 मी इकडेतिकडे बघितलं. कोणी नव्हतं. तुकडा परत जागेवर ठेवून बोटाने दाबला. बसला नाही.

मग मी रॉकेल आणलं. आता तुम्ही कपाळाला हात लावताय, तो मीही लावला, पण रॉकेल लावल्यानंतर. वर्तुळ जाण्याऐवजी पसरलं, आणि बॉनेटवर एक तपकिरी नकाशा तयार झाला, खाड्या, बेटं सगळं असलेला. मी दुसरा फडका घेतला. नकाशा मोठा झाला. गुरुनाथ कुंपणावरून डोकावला, बराच वेळ बघत राहिला आणि गिऱ्हाईक आलं असं म्हणून गेला. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

घरात शालिनी बोलत नव्हती असं नाही. जेवायला वाढताना बोलायची, पाणी हवं का विचारायची. पण चौथ्या दिवशी चहाबरोबर बशीत नारळाची वडी आली. मी एक खाल्ली, छान झाली आहे म्हणालो, आणि दुसरी तोंडाशी नेताना थांबलो. पडवीत जाऊन बाकावरच्या पिशवीकडे बघितलं. पिशवी चपटी झाली होती. ती एकेक वस्तू बाहेर काढत होती. आईसाठी भरलेलं आता आम्हीच खात होतो. ती दुसरी वडी मला गिळवेना. खाली ठेवणंही बरं दिसेना. हातात धरून बसलो.

त्याच दुपारी रेडीहून फोन आला. शालिनी आतल्या खोलीत बोलत होती. मला एवढंच ऐकू आलं, "नाय गो आये, गाडी बरी आसा. ह्यांचा जरा काम चल्लाहा."

कोल्हापूरची माणसं दुसऱ्या दिवशी आली. माणसं म्हणजे एकच बाई. तरुण, चष्मा, हातात एक लांबट दिवा आणि रंगाची जाडी मोजायचं यंत्र. गाडीतून उतरली आणि खळ्याच्या तोंडाशीच उभी राहिली. तिने तो दिवा लावलाच नाही. लावायची गरज नव्हती.

"काका, हे काय झालंय?"

मी माझं भाषण तयार ठेवलं होतं. ग्राहक, हक्क, विश्वास असे शब्द त्यात होते. तोंडातून निघालं ते असं, की या खुणा आहेत, मी केल्या आहेत, दोष सापडावेत म्हणून.

ती शांतपणे गाडीभोवती फिरली. कुठलं केमिकल आहे विचारलं. मी सांगितलं. काजूच्या टरफलाचं, घरचं, शुद्ध. तिने ते शब्द लिहून घेतले. घरचं आणि शुद्ध हे सोडून. मागच्या बंपरजवळ ती वाकली आणि तिच्या तोंडून "अरे देवा" असं निघालं. त्या गोल चकत्या म्हणजे बुजवलेली भोकं नव्हती. गाडी मागे घेताना भिंत जवळ आली की सांगणारे डोळे होते ते. मी गाडीच्या डोळ्यांत काजूचं तेल घातलं होतं.

मग तिने बॉनेटवरच्या पहिल्या वर्तुळावर बोट ठेवलं. यात काय होतं? मी म्हटलं, कण होता. तिने दिवा धरला. मी मान तिरकी केली, एक डोळा मिटला. कण नव्हता. तेल आत पसरलं होतं, रॉकेल त्याच्यावर फिरलं होतं, रंगाची साल सुटली होती. त्या कणाचं नावनिशाण उरलं नव्हतं. दुसरं वर्तुळ, तिसरं. सगळीकडे तीच गत. नाकारलेलं पोतं सापडावं म्हणून मी पोतंच जाळून टाकलं होतं.

तिने मला पडवीत बसवलं. बोलली मात्र चांगलं, खोटं कशाला सांगू. म्हणाली, "काका, रंगात धूळ अडकते, ओघळ येतो, हे कारखान्यात होतं. तुम्ही म्हणता तर असणार. तासाभरात घासून, पॉलिश करून दिलं असतं, आणि सॉरीही म्हटलं असतं. पण आता मी रिपोर्टमध्ये लिहू काय? तिथे आमचं काहीच उरलेलं नाही. जे आहे ते सगळं तुमचं आहे."

मी विचारलं, खुणा करायला नको होत्या का? ती म्हणाली, करायच्या होत्या ना. साधी टिकली लावली असती तरी चाललं असतं.

पाण्याचा तांब्या घेऊन शालिनी दारातच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टिकलीवरून बायको जिंकली आणि तिने ते दाखवलं नाही, यापेक्षा मोठी शिक्षा कायद्यात नाही.

पुढचं असं, की बॉनेट, दारं, दोन्ही बंपर कोल्हापूरला नेऊन खरवडावे लागतील, आणि ते वॉरंटीत बसत नाही. किती दिवस? महिना तरी. मी मान डोलावली.  त्या बाईंनी फोनवर गाडी न्यायला ट्रक कधी येईल ते विचारायला सुरुवात केली.

तेव्हा शालिनीने तांब्या खाली ठेवला. आत गेली, लुगडं बदललं आणि ती चपटी पिशवी उचलून सरळ खळ्यात उतरली. गाडीचं दार उघडून बसली. पट्टा लावला. मग काच खाली करून म्हणाली, "आधी रेडीक."

मी म्हटलं, अगं, या अवतारात? ट्रक यायचा आहे.

"माझ्या आवशीचे डोळे ट्रकासाठी थांबतले काय?"

त्या बाईंनी फोन बंद केला. चालवायला काही हरकत नाही म्हणाल्या, फक्त मागे घेताना मान वळवून बघा, कारण गाडीला आता दिसत नाही.

तो प्रवास काय वर्णावा! मी आजवर कितीतरी लोकांची पोती खूण करून बाजारातून परत पाठवली. खूण झालेलं पोतं डोक्यावर घेऊन माणसं खाली मान घालून का जातात, ते मला वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर कळलं. एसटीचा कंडक्टर दारातून अर्धा बाहेर येऊन बघत होता. चहाला थांबलो तर टपरीवाल्याने विचारलं, ही बिबट्याची जात खंयची? आणि गाडी इतकी गुपचूप चालते की लोक काय काय म्हणतात ते अक्षर न अक्षर आत ऐकू येतं. डिझेलची असती तर निदान इंजिनाच्या आवाजात बुडून गेलं असतं.

शालिनी मात्र खिडकीबाहेर बघत होती. लिंबू नाही, डोळे मिटलेले नाहीत. मधेच तिने एक नवी दिसणारी शाळा दाखवली, एक तोडलेलं वडाचं झाड विचारलं. इतक्या वर्षांत हा रस्ता तिने उघड्या डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. मला वाटलं, आता राग गेला असावा. बोलून बघावं म्हणून मी म्हटलं, वास नाही ना येत? ती म्हणाली, येता. मी घाबरून विचारलं, कसला? ती म्हणाली, रॉकेलाचो.

रेडीत म्हातारी अंगणातच होती, पेळेवर, म्हणजे कडेच्या कट्ट्यावर बसलेली, कपाळावर हात धरून रस्त्याकडे तोंड. गाडी थांबली. शालिनी दार उघडून जवळजवळ धावत गेली आणि आईच्या मांडीला बिलगली. म्हातारीने तिचं तोंड चाचपलं, केस चाचपले, तू सुकलंस म्हणाली. मी मागे उभा. मनात म्हटलं, हिला लांबून नुसता पांढरा ढीग दिसत असेल. सुटलो. मोतीबिंदूसारखा उपकारी आजार नाही, असंही एक पाप माझ्या मनात येऊन गेलं. देव क्षमा करो.

म्हातारी काठी टेकत गाडीपाशी आली. बॉनेटवर हात ठेवला. पापडाचा एक तुकडा खाली पडला.

"माका माणूस वळखाक येणा नाय," ती म्हणाली, "पण ह्ये काळे वाटोळे माका पेळेवरसून दिसले. दिष्ट लागा नये म्हणान तीट लावलास काय, जावयानू?"

मित्रांनो, बुडत्याला ओंडका मिळावा तसं झालं. इतक्या दिवसांत मला एकही माणूस असा भेटला नव्हता, ज्याने माझ्या कृत्याला काही अर्थ लावला. मी लगेच म्हटलं, "व्हय तर. नवीन गाडी, पांढरी. लोकांची नजर वायट." म्हातारीने कौतुकाने मान हलवली. जावई रीतीभातीचा आहे म्हणाली. शेजारची दोन माणसं गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, बघत होती, त्यांनीही माना हलवल्या. माझी छाती जरा वर आली.

शालिनी आईच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. इतके दिवस जिने त्या खुणांवर चकार शब्द काढला नव्हता, ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "तीट खंयची गो, आये! कंपनीन बारीक बारीक डाग घातल्यान, ते ह्यांका कमी वाटले. म्हणान बाकीचे ह्यांनी घरच्या तेलान घातल्यानी."

म्हातारी हसायला लागली. काठीवर वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शालिनीही हसली, आणि मग त्या दोघी एकमेकींना धरून हसत राहिल्या. गडग्यावरची माणसं बाकीच्यांना सांगायला गेली. मी गाडीला टेकायला गेलो, आणि पाठीला तेल लागलं.

ट्रक उद्या येतो आहे. त्याच्या आत तुम्ही आज आलात, तर बघून घ्या, चहाही संपला आहे. हा किस्सा तुम्ही बाजारात सांगणार, हे मला माहीत आहे. मीही सांगितला असता. वाढवून सांगा, माझी हरकत नाही, बिबट्याचा वाघ करा. फक्त एक विनंती. सांगताना हिशोब प्रामाणिक ठेवा. मोहरीएवढे कण होते, ते कंपनीच्या नावावर मांडा, कारण ते खरोखर होते हो! शपथेवर सांगतो, होते! बाकी गाडीवर जे जे दिसतं आहे, ते सगळं माझ्या नावावर. फक्त तो कावळा तेवढा वेगळा धरा.